दोन पाळ्यांची पेटी

परीक्षांचे दिवस आले की इंदिरानगरच्या आमच्या घरातलं स्वयंपाकघराचं दार सैल होतं. पावसाळ्यात हेच दार खांद्यानं रेटल्याशिवाय लागत नाही आणि चैत्र लागला की झुळकेसरशी आपणहून उघडतं, आपटतं, पुन्हा उघडतं. मिस्त्री दर वर्षी सांगतो, "बाई, हे काढून टाका, फायबरचं बसवा." मी दर वर्षी "बघू" म्हणते. मुलांना वाटतं, आईला जुन्याचा सोस आहे. तसं मुळीच नाही. अडगळ दिसली की मी आधी भंगारवाल्याला हाक मारते. पण लाकूड सुकतं, फुगतं, म्हणजे झाड तोडून इतकी वर्षं झाली तरी त्याचं आत काहीतरी चाललेलं असतं, आणि अशा वस्तूला घराबाहेर काढायला मन होत नाही.

वरच्या मजल्यावरची मुलगी गॅलरीत येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठांतर करते. कडुलिंबाचा कडसर गोड वास दुपारचा घरात शिरतो. बाजारात द्राक्षं उतरणीला लागलेली असतात, घडांपेक्षा सुट्या मण्यांचेच ढीग जास्त. एवढं सगळं जमून आलं आणि त्यात ते दार आपटलं की मी हातातलं काम ठेवते. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराचा एक उन्हाळा माझ्यासमोर येऊन बसतो, भुशाचा आणि सरसाचा वास घेऊन.

तेव्हा आम्ही अंबडजवळच्या कामगार कॉलनीत राहत होतो. दोन खोल्या आणि मागं एक अरुंद गॅलरी. घरात नाना म्हणजे माझे वडील, आई, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान मिलिंद. माझी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून अभ्यासाची सुट्टी होती. मी दिवसभर गॅलरीच्या दारात पाय पसरून इतिहास वाचायची, निदान पुस्तक उघडं असायचं. त्या गॅलरीत मिलिंदची पेटी तयार होत होती आणि तिच्यापुढं पानिपताचं काही चालायचं नाही.

नाना एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. हे सांगितलं की लोक "असं का" म्हणून विषय बदलतात, म्हणून थोडं सांगते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबून काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस सोडतात. तो नमुना घडवायचं काम नानांचं. त्यांचं मूळ गाव सिन्नरकडचं. गावात लाकूडकाम सुताराचं. आमच्या आळीतल्या माणसांनी लाकूड फोडलं, वाहिलं, घडवलं कधी नाही. आमच्या घराण्यात रंधा पहिल्यांदा नानांनी धरला, तोही आयटीआयमध्ये, वर्गात सगळ्यात मागे उभं राहून. त्यांच्या हत्यारांची पेटी पलंगाखाली असे आणि चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी घर सारवल्या-पुसल्यावर ती बाहेर काढून प्रत्येक हत्याराला तेलाचं बोट लावायचा त्यांचा नेम होता.

म्हणून मिलिंदनं ते हत्यार हातात घ्यावं असं त्यांना वाटत होतं. बारावीनंतर त्यांनी साहेबांकडे शब्द टाकला, पॅटर्न शॉपमध्ये शिकाऊ म्हणून जागा मिळवली. दिवाळीनंतरच्या सोमवारी मुलाखत होती. मिलिंद घरून इस्त्रीचा शर्ट घालून निघाला आणि थेट मेनरोडला एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जाऊन कामाला लागला. त्याला लहानपणापासून तारांचंच वेड. नाना तिकडे कारखान्याच्या फाटकापाशी त्याची वाट बघत उभे राहिले. घरी आल्यावर ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. त्यांनी बोलणंच बंद केलं आणि मिलिंदही त्यांच्याच वळणावर गेलेला, त्यानंही केलं.

दोन खोल्यांत अबोला पाळणं सोपं नसतं. त्याला मधे एक माणूस लागतो. आईनं पहिल्याच आठवड्यात हात झटकले. "मी काय पोष्टमन हाय का? मी नाय सांगायची कुणाचं कुणाला," असं म्हणून ती भाकरी थापत राहिली. मग ते काम माझ्याकडे आलं. जेवायला बसलो की नाना माझ्याकडे बघून म्हणत, "सुनंदा, त्याला म्हणावं, गॅलरीतला कचरा झाडून घे." मिलिंद त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर. तोही माझ्याकडेच बघून म्हणे, "ताई, त्यांना सांग, झाडलाय." मी दोघांच्या मधे बसून आमटी ओरपत असे. सांगायचं काहीच उरलेलं नसे, तरी ते दोघं माझ्याकडे बघत थांबत. मी "झाडलाय" किंवा "झाड" असं एकदा म्हटलं की मगच पुढचा घास उचलला जाई. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दोघंही पांढऱ्या कपड्यांत होते, एक पुढं निळा झेंडा घेऊन, एक मागं लायटिंगच्या गाडीजवळ, आणि मधल्या गर्दीतून मी निरोप घेऊन फिरत होते की वायर लोंबतीये, कुणाच्या तरी डोक्याला लागेल.

हसण्यासारखंच होतं ते, आणि मी हसलेही असते, पण माझं लग्न ठरलं होतं. स्थळ धुळ्याचं. परीक्षा झाली, बुद्धपौर्णिमा झाली की लग्न. पाहुणे येत-जात, पत्रिका छापून आल्या होत्या, आई डाळी निवडत होती, आणि माझ्या डोक्यात एकच: मी गेल्यावर ह्या दोघांचं बोलणं कोण पोचवणार? एकदा मी आईजवळ हे बोलून दाखवलं. ती हातातली डाळ तशीच ठेवून म्हणाली, "तू गेल्यावर ह्या घरात नुसता पंखा बोलंल." मला माहेर सोडायचं दुःख होतंच, ते सगळ्याच मुलींना असतं. पण मागं मुकं घर ठेवून जायचं, ही धास्ती माझी एकटीची होती.

आणि ह्या सगळ्यात मिलिंदनं पेटी काढली. दुकानाच्या मालकानं त्याला मुंबईहून व्हिडिओ गेमचा एक सर्किट बोर्ड आणून दिला होता. वरून राक्षसांच्या रांगा उतरत येतात, खालून आपण गोळ्या मारायच्या, असा तो खेळ. एक जुना लहान ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही त्यानं स्वतःच दुरुस्त करून घेतला. हे सगळं एका लाकडी पेटीत बसवायचं, पुढं दांडा आणि बटणं, खाली घडीचं स्टँड, म्हणजे एसटीवर टाकून उन्हाळ्यातल्या यात्रांना नेता येईल. काचेवर रंगीत जिलेटिनच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, वर तांबडी, मधे हिरवी, खाली निळी. राक्षस खाली उतरताना रंग बदलत. मला ते फार आवडायचं.

विजेचं काम त्याचं चोख होतं. लाकडाच्या बाबतीत मात्र तो ठार आंधळा. अंबडला कारखान्यांत मशीनं येत, त्यांच्या खोक्यांच्या फळ्या स्वस्तात मिळत. त्या आणि वखारीतून कापून आणलेलं थोडं प्लायवुड घेऊन तो संध्याकाळी दुकानातून आल्यावर बसे. फळीच्या टोकाला खिळा ठोकला की फळी चर्रकन फाटे. करवत सरळ जात नसे. दाराची बिजागरी उलटी बसवली, तर दार आत उघडायला लागलं, जिथं टीव्ही होता. आई चहा देताना म्हणाली, "मिलिंद, ह्याला पेटी म्हणायचं का कोंबड्याचं खुराडं?"

नानांना तेव्हा सेकंड शिफ्ट होती. ते दुपारी जेवून जात आणि सकाळ घरी असत. म्हणजे संध्याकाळी पेटी मिलिंदची आणि सकाळी नानांच्या नजरेसमोर. सुरुवातीला ते नुसतेच चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहत. मग एका सकाळी कानामागची निळी पेन्सिल काढून त्यांनी फाटलेल्या फळीवर एक बारीक फुली मारली. उलट्या बिजागरीशेजारी एक. वाकड्या कापावर एक. मास्तरांनी वही तपासावी तशी. संध्याकाळी मिलिंदनं त्या फुल्या बघितल्या आणि रंधा घेऊन एकेक फुली तासून काढली. "ताई, त्यांना सांग, माझ्या पेटीला हात लावायचा नाही." सकाळी मी सांगितलं. नाना म्हणाले, "त्याला सांग, हात नाय लावला. पेन्शील लावली."

त्यानंतर फुल्या बंद झाल्या. मला वाटलं, संपलं. पण दोन-तीन दिवसांनी मिलिंद खिळ्यांचा डबा उपडा करून बसला होता. डब्यातल्या सगळ्या खिळ्यांची टोकं कुणीतरी हातोडीनं ठोकून बोथट करून ठेवली होती. तो लालबुंद झाला. "हा काय प्रकार आहे? एवढा राग?" म्हणून त्यानं तणतणतच एक खिळा घेतला आणि फळीच्या अगदी टोकाला ठोकला. फळी फाटली नाही. त्यानं दुसरा ठोकला. तीही नाही. बोथट टोक लाकडाच्या रेषा फाकवत नाही, चेपत आत जातं, हे मला नंतर कळलं. मिलिंदनं सगळे खिळे गोळा केले. डबा पुन्हा भरला आणि झाकण लावून नीट कोपऱ्यात ठेवला.

असं ते सुरू झालं. सकाळपाळी आणि संध्याकाळपाळी, मधे मी आणि माझा इतिहास. कधी बिजागरी सुलटी झालेली असे. कधी करवतीला तेल लागलेलं असे. मिलिंद रोज आल्या आल्या चपला न काढता गॅलरीत जाऊन आधी पेटीभोवती एक फेरी मारायचा, आज काय झालंय ते शोधायला. माझ्याजवळ तक्रार करायचा, पण आवाजातला जोर कमी होत चालला होता. आईच्या ते माझ्याआधी लक्षात आलं असावं, कारण तिनं खुराड्याचं नाव काढणं सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र जुळेना. मिलिंदनं कापलेल्या बाजूच्या फळ्या आणि वखारीतून आलेली समोरची चौकट ह्यांचा मेळच बसत नव्हता. बाजू थोड्याशा जास्त. हातभर लांबीला चार-पाच मिलिमीटर, पण पेटी जोडायला घेतली की फळ्या जिभेसारख्या बाहेर यायच्या. मिलिंदनं पुन्हा मोजलं, माप बरोबर. त्यानं वखारवाल्याला शिव्या घातल्या, प्लायवुड कमी कापलं म्हणून. तिकडे जाऊन भांडूनही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना त्या फळ्यांपाशी बसले होते. मी कुठलासा तह पाठ करत होते. त्यांनी आपल्या हत्यारांच्या पेटीतली पोलादी पट्टी काढून फळी मोजली. थांबले. पुन्हा मोजली. मग पट्टी मांडीवर ठेवून ते हसायला लागले, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. दिवाळीपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी पुस्तक ठेवून जवळ गेले.

"काय झालं, नाना?"

"काय नाय. पोरगं बरोबर कापतंय."

"मग जुळत का नाही?"

त्यांनी माझी फूटभर पट्टी मागून घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. सुरुवातीची रेघ एकमेकींना लागून. शेवटी मात्र नानांची पट्टी थोडी पुढे गेलेली होती. तीसला तीस येतच नव्हते. मी म्हटलं, "ही खोटी आहे का?"

"खोटी कशी असंल? ही श्रिंकेजची पट्टी. लोखंडासाठी खरी हाय. रस तापलेला असतो तवर जागा भरून ऱ्हातो, गार झाला की आखडतो. शंभरात एक. म्हणून आमची पट्टीच तेवढी मोठी करत्यात. आपण आपलं मोजत जायचं. आखडणार किती, ते हिनं आधीच धरल्यालं असतं." पट्टीवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं कोरलेलंही होतं, पण ते कोण वाचतो. मिलिंदनं टीव्ही दुकानातल्या टेपनं मोजला, वखारीतून चौकट त्या मापानं कापून घेतली आणि फळ्या पलंगाखालची ही पट्टी गुपचूप घेऊन कापल्या. पॅटर्न मेकरच्या घरात राहून साधी लांब पट्टी हाताशी नव्हती, त्यातून झालेली चूक होती ती.

नाना धोतराच्या सोग्यानं पट्टी पुसत बसले. "इचारलं असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले.  पट्टी पुसून झाल्यावर ते तिच्याकडेच बघत म्हणाले, "मी तरी त्याला कुठं काय इचारलं." मग उठून अंघोळीला गेले.

संध्याकाळी मी मिलिंदला सगळं सांगितलं. तो आधी धुमसला. "ह्या घरात मापाची पट्टीसुद्धा सरळ नाही," म्हणाला. मग पट्टी उचलून डोळ्यांजवळ नेऊन ती बारीक अक्षरं वाचली. जरा वेळानं त्यानं हळूच विचारलं, "चिडले का?"

"हसले."

"हसले?"

"हो रे. एकटेच बसून हसत होते."

"खरंच?" त्यानं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. त्या संध्याकाळी त्यानं काहीच काम केलं नाही. फक्त पट्टीला तेलाचं बोट लावून ती जागच्या जागी ठेवली.

मला वाटलं, आता बाजू कापून बारीक करतील. पण जोडाची भोकं पाडून झाली होती, कापलं असतं तर सगळंच पुन्हा करावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी समोरच्या चौकटीला उजव्या अंगानं एक बारीक लाकडी पट्टी लावली, साडीला काठ लावतात तशी. कमी पडत होतं तेवढंच भरून निघालं. भेगेत भुसा आणि सरस कालवून भरला, वरून पॉलिश पेपर फिरवला, जोड कुठं आहे ते दिसेना. मी बघत होते, आता डावी बाजू करतील. पण त्यांनी हात झटकले, हत्यारं गोळा केली आणि डावी बाजू तशीच उघडी ठेवून कामाला निघून गेले.

संध्याकाळी मिलिंदनं उजव्या बाजूवरून बराच वेळ बोट फिरवलं. मग डावीला बसला. त्याची पट्टी जाड झाली, एका टोकाला दबली, सरस बाहेर आला. सकाळी नाना आले, मी पुस्तकाआडून बघतेय. मला वाटलं होतं, ते ती उचकटून नवी बसवतील. त्यांनी नुसता हात फिरवला. जिथं खडबडीत लागलं तिथं पॉलिश पेपरचा एक तुकडा ठेवला आणि गेले.

पुढं मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. पोरांच्या वह्या तपासताना लाल पेन्सिल हातात असली की फुल्या मारायला हात शिवशिवत असे. तेव्हा ती डावी बाजू मला हटकून आठवायची. सगळं दुरुस्त करून देण्यात आपलाच मोठेपणा असतो. अर्धं करून अर्धं ठेवून जायला माया लागते, आणि थोडी हिंमतही. हे मला कुठल्या बी.एड.मध्ये शिकवलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते दर वेळी जमलं नाही.

त्या श्रिंकेजच्या पट्टीचाही मी पुष्कळदा विचार करते. माणसं तापलेली असतात तेव्हा घर कसं भरून असतं, भांडतात, हक्कानं बोलतात, दारं आपटतात. गार झाली की आखडतात, आणि मधे फट पडते. आधीच कुणीतरी थोडं जास्त धरून ठेवलेलं असेल तरच माप राहतं. आमच्या घरात ते आईनं धरलं होतं, बहुतेक. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, आणि आम्हीही तिला विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. नानाही नाहीत. पेटी तीन-चार उन्हाळे यात्रांना फिरली, मग मिलिंदनं स्वतःचं टीव्हीचं दुकान टाकलं आणि पेटीला वाळवी लागली. तिचं काहीही उरलेलं नाही.

माझा शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात नानांच्या गावची यात्रा होती. मिलिंद पेटी पहिल्यांदा तिथंच नेणार होता. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यानं पेटी वरच्या कडीला धरून उचलली आणि ती धाडकन पुढं झुकली. कडी त्यानं बरोबर मधोमध लावली होती, पण टीव्हीची काच जड, सगळं वजन पुढच्या अंगाला. काच फुटायची थोडक्यात वाचली. मिलिंद खाली बसला. मग उठून त्यानं गॅलरीच्या आढ्याला दोरी बांधली, पेटी तिला टांगली, दोरी थोडी थोडी पुढं सरकवत पेटी सरळ लोंबेपर्यंत बघत राहिला आणि तिथं खूण करून कडी हलवली. त्या दिवसापासून दोन दिवस नानांची सुट्टी होती. ते आतून खिडकीतून हे सगळं बघत होते. मग आईला म्हणाले, "चहा टाक. जरा जास्त टाक."

आता माझी पाळी होती. मी नानांना म्हटलं, आत्याला पत्रिका द्यायची राहिली आहे, आपण उद्याच जाऊ. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण, गावातच राहायची. नाना माझ्याकडे बघत राहिले, त्यांना माझा डाव कळला होता. "यात्रा हाय उद्या," ते म्हणाले. देवाधर्माचं त्यांनी कधीच सोडलेलं. मी म्हटलं, "मला माहितीये." मग जरा थांबून म्हणाले, "चल. देवाला नाय चाललो, बहिणीला चाललो. त्याला सांग, पेटी टपावर टाकताना खाली गोणपाट घाल." मी सांगितलं. हा मी पोचवलेला शेवटचा निरोप, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

सिन्नरला एसटी बदलून आम्ही दुपारी पोचलो. यात्रेत माइकवाल्याकडून मिलिंदनं करंट घेतला. स्टँड उघडलं, पेटी वर चढवली, उन्हात चित्र दिसेना म्हणून आईची जुनी काळी चादर वरून तंबूसारखी बांधली. राक्षस उतरायला लागले आणि पोरांची झुंबड उडाली. मी आणि नाना थोडे लांब, रसवंतीच्या सावलीत उभे होतो. मी त्यांना "चला आत्याकडे" म्हणत नव्हते आणि तेही निघत नव्हते.

मग ती कुरकुर ऐकू आली. मला नाही, त्यांना. पोरं दांड्यावर ओणवी होऊन जोर लावत होती आणि दर धक्क्यासरशी स्टँड डावी-उजवीकडे हेलकावत होतं. मिलिंद स्टँडला तिरकी पट्टी मारायला विसरला होता. चार पाय सरळ उभे, त्यांना आडवं धरणारं काहीच नाही. मिलिंदलाही ते कळलं, तो पोरांना मागं सारू लागला, पण गर्दी हटेना. नानांनी हातातला ग्लास मला दिला. गर्दीतून वाट काढत ते पेटीपाशी गेले, मागच्या अंगानं उभे राहिले आणि दोन्ही हातांनी पेटी दोन्ही बाजूंनी धरली. हेलकावे थांबले.

ते तसेच उभे राहिले. खेळ चालू राहिला. मिलिंद पुढं, नाना मागं, मधे पेटी. ऊन कलायला लागलं तरी नानांनी हात सोडले नाहीत. त्यांच्या पाठीवर सदरा घामानं चिकटला होता. मी दोनदा पाणी नेऊन दिलं, ते त्यांनी एका हातानं प्यायलं, दुसरा हात पेटीवरच.

गर्दी जरा ओसरल्यावर एक म्हातारा पुढं आला. टोपी, काठी, गावातला कुणीतरी जुना माणूस. त्यानं पेटीवरून हात फिरवला, बाजूचा काठ चाचपला. "सुतार कोण हे ह्याचा?" त्यानं विचारलं.

मिलिंद वायर गुंडाळत होता, तो थांबला. मी थांबले. त्या गावात हा प्रश्न नानांना विचारला जात होता.

नाना म्हणाले, "पोरगा हाय माझा. त्यानं केली."

म्हातारा मान हलवत पुढं गेला. मिलिंद खाली मान घालून वायर गुंडाळत राहिला, गुंडाळलेली उलगडून पुन्हा गुंडाळली. आजूबाजूला पिपाण्या वाजत होत्या, पाळणा फिरत होता. मी ग्लास हातात धरून उभी. वाटत होतं की आता कुणीतरी माझ्याकडे बघेल, म्हणेल, ताई, त्यांना सांग. सुनंदा, त्याला म्हणावं. मी दोघांच्या मधे जायला एक पाऊल टाकलंही.

नाना पेटीला वळसा घालून पुढच्या अंगाला आले. चादरीखाली वाकले. राक्षस उतरत होते, तांबड्यातून हिरव्यात. त्यांनी दांड्यावर हात ठेवला, पटाशी धरावी तसा घट्ट.

"मिलिंद," ते म्हणाले, "हे कसं खेळायचं?"

मिलिंद जागचा हलला नाही. मग वायर टाकून तो त्यांच्या शेजारी येऊन वाकला.  "जोर नका लावू, नाना. हलकं धरा." त्यानं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. "असं. आता बटण दाबा."

नाना लगेच मेले. एका डावात तीन जीव, तीनही वेळा. "पुन्हा लाव," ते म्हणाले, आणि मिलिंदनं पुन्हा लावला. चादरीखालून त्यांची दोन डोकी दिसत होती, एक पांढरं, एक काळं, आणि मधूनमधून बोलणं ऐकू येत होतं, डावीकडं, डावीकडं, अरे थांब की, आता, आता.

मी ग्लास रसवंतीवाल्याला परत दिला. पत्रिकांची पिशवी उचलली आणि एकटीच आत्याच्या घराकडे निघाले. वळणापर्यंत मी मुद्दाम सावकाश चालत होते. मागून मला कुणी हाक मारली नाही.